दवाखान्यातली वळकटी

"ज्याला डोळे आहेत त्याच्यापासून निसर्ग काहीही लपवून ठेवत नाही, बायजाक्का," असं आमचे हे गंभीर आवाजात म्हणाले, आणि मैनी म्हशीनं शेणात भिजलेला शेपटीचा गोंडा त्यांच्या दोन्ही डोळ्यांवरून फिरवला.

पुढचा थोडा वेळ निसर्गाबद्दल कुणीच काही बोललं नाही. डॉक्टरांचं तोंड पदरानं पुसावं की नाही या विचारात बायजाक्का उभी राहिली. हे हात पसरून पाण्याची बादली चाचपत राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. हातात उलथनं, डोळ्यांत भाजत्या मिरच्यांचा झोंबरा खाट, आणि तोंडावर पदर. मोठ्यानं हसता येत नव्हतं, कारण ती खिडकी उघडी असायलाच नको होती.

ते वाक्य मला त्यानंतर आयुष्यभर आठवत आलं आहे. शेपटीसकट आठवतं.

आम्ही तेव्हा कोळंबवाडीला होतो, कोल्हापूरच्या पश्चिम अंगाला, डोंगराच्या पायाशी. हे तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. एवढं लांब नाव घेईपर्यंत जनावर दगावायचं, म्हणून गाव त्यांना डॉक्टर म्हणे. पंचक्रोशीतल्या गाई-म्हशी कृत्रिम रीतीनं भरवायच्या हे त्यांचं मुख्य काम, आणि त्यात त्यांचा हात असा की लोक लांबलांबून जनावरं चालवत आणत. "नेर्लेकर डॉक्टरनी हात लावला की गाभण राहणारच," असं बायका विहिरीवर म्हणायच्या. मी दिसले की वाक्य अर्ध्यात सोडून घागरी उचलायच्या.

कारण डॉक्टरच्या स्वतःच्या घरात मूल नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मी चाळिशीला टेकले होते. एखाद्या सोनाराची बायको लंकेची पार्वती असावी, तसं काहीतरी आमच्याकडे पाहून लोकांना वाटत असणार. लोक बिचारे सभ्य होते. वाटायचं, पण घागरी उचलायचे.

घरात तिसरं माणूस म्हणजे यांच्या गोदाआत्या. यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा या विधवा आत्यांनी यांना वाढवलं. माझ्यावरही त्यांची माया होती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना सुनेचा छळ करणाऱ्या बायकांत नेऊन बसवाल. छळ असता तर मी उलट बोलले असते. मायेला उलट कसं बोलायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आत्यांचा एक नियम होता: दवाखान्यातलं दवाखान्यात. दवाखाना आणि आमचं राहतं घर यांच्यामध्ये एक अंगण होतं. त्या अंगणात खोडा, म्हणजे जनावर उभं करून जखडायची लाकडी चौकट. तिथं दिवसभर माज, गाभण, वार असले शब्द मोकळेपणानं फिरायचे. आत्यांना ते शब्द घरात नको असत. हे संध्याकाळी बाहेरच्या दगडावर हातपाय धुवायचे, शर्ट बदलायचे आणि त्या शर्टाबरोबर सगळे शब्दही बाहेर टांगून आत यायचे. आत आले की हे पावसावर बोलायचे, वांग्यावर बोलायचे, रेडिओवर बोलायचे. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी खोड्यावर उघडायची, म्हणून आत्यांनी ती खिळा ठोकून बंद केली होती आणि वर दत्ताची तसबीर लावली होती. त्या तसबिरीत दत्ताच्या पाठीशी असलेली गाय हे आमच्या घरात राजरोस शिरलेलं एकमेव दुभतं जनावर.

मला दर महिन्याला एक तक्रार असायची, अंगावरून पांढरं जाण्याची. आमच्या घरात तिला 'तब्येत' म्हणत. लग्नानंतर लवकरच आत्यांच्या ती लक्षात आली आणि निदान तिथंच पक्कं झालं. शक्ती गळते. गळक्या घागरीत पाणी ठरणार कसं? आधी गळती बंद व्हायला हवी, मग मूल.

"घाबरू नकोस गं कुमुद," त्या म्हणाल्या. "अंग उघडं पडलंय, मिटायला वेळ लागतो."

मग औषध सुरू झालं. तांदुळजाचं मूळ उगाळून तांदळाच्या धुवणातून. आत्या पहाटे स्वतःच्या हातानं करायच्या, वर वाटी धरून उभ्या राहायच्या. आणि पथ्य एकच: तब्येतीच्या दिवसांत नवऱ्यानं लांब राहायचं, नाहीतर बायकोची गळती वाढते आणि नवऱ्यालाही क्षीणपणा येतो.

हे यांना सांगायचं कुणी? आत्या सांगणार नाहीत, मी सांगणार नाही. म्हणून वळकटी. तब्येत सुरू झाली की मी यांचं अंथरूण गुंडाळून, दोरीनं बांधून बाहेर ओट्यावर ठेवायची. हे काही न विचारता वळकटी काखेत मारायचे आणि दवाखान्यातल्या बाकावर जाऊन झोपायचे. तब्येत थांबली, अंग कोरडं झालं, की मी वळकटी आत आणायची. आमच्या संसारातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं अशा रीतीनं वर्षानुवर्षं एका गादीनं केलं, आणि आम्ही दोघं पावसावर बोलत राहिलो.

तर त्या दिवशी. चैत्र होता. आत्या आठवड्याकरता नरसोबाच्या वाडीला गेल्या होत्या. दवाखान्याचा शिपाई कृष्णात जोतिबाच्या यात्रेला गेला होता. मी वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि असा खाट उठला की जीव गुदमरला. दत्ताला नमस्कार करून मी त्याला खाली घेतलं, सांडशीनं खिळा उपटला आणि खिडकी ढकलली. बाहेर मैनी उभी होती.

शेपटीचं ते झाल्यावर हे तोंड धुऊन परत आले आणि चौकशीला लागले.

"काय होतंय म्हणालात म्हशीला?"

"आजारी हाय वो डाक्टर," बायजाक्का खोत म्हणाली. चाळिशीची, उंच, बोलकी बाई. "अंगावरनं पांढरं जातंया तिच्या."

मी उलथनं हलवायची थांबले.

"कधीपासून?"

"म्हयन्याला हुतंया. एक-दोन दिस तार लोंबती, मग आपसूक बंद. आदी आमच्याकडं गाय हुती, तिचं आमास्नी कळायचं. गाय काय, माजाला आली की हंबरून गाव गोळा करती. ही बया गप. खाती-पिती, नि उभी ऱ्हाती."

"मग तुम्ही काय करता त्या दिवसांत?"

"लांब बांधतो. परड्याच्या मागं. हिकडं कुंभारांचा रेडा फिरत असतो नव्हं? आमची जाऊ म्हनली, म्हशीची ताकद चाललीया, असल्या दिसांत रेड्याच्या वाऱ्यालाबी उभी करू नगंस. कोरडी झाली की मग सोड."

"आणि कोरडी झाली की सोडता."

"व्हय."

"आणि गाभण राहत नाही."

"न्हाई ऱ्हात. वांझ निघाली बगा. तुमी एकदा बगा, न्हाईतर ह्या बाजाराला इकून टाकतो. वांझ म्हशीला घेनारं कोन असतंय ते तुमास्नी ठावं हाय."

हे हसले. शेतकऱ्यांना ते कधी हिणवून हसत नसत. शाळेतल्या पोरानं बेरीज चुकवल्यावर मास्तर हसतो तसं हसायचे.

"बायजाक्का, वांझ म्हैस नाही. वांझ ते दावं आहे, ज्यानं तुम्ही तिला परड्यामागं बांधता."

"आँ?"

"इकडे या. बघा."

त्यांनी हातमोजा चढवला, शेपूट बाजूला केलं, आणि मैनीच्या अंगावरून लोंबणारी ती तार दोन बोटांत घेतली. मग बोटं हळूहळू लांब केली. तार ताणली, आणखी ताणली, तुटली नाही. त्यांनी ती उन्हात धरली. तिच्यातून पलीकडचा आंबा दिसत होता.

"गढूळ असती, पिवळी असती, वास मारत असता, तर आजार म्हटलं असतं. ही बघा, काच आहे नुसती. सोट म्हणतात याला. गाय ओरडून सांगते, म्हैस सांगत नाही. मुका माज. ही तार हेच तिचं बोलणं. ती म्हणते, आज. आणि तुम्ही नेमकं आजच तिला परड्यामागं नेऊन बांधता. वर म्हणता, वांझ."

"आता गं बया," बायजाक्का म्हणाली. "म्हंजी आमी इतकं दिस..."

"इतके दिवस तुम्ही नेम धरून चुकवलंत."

मी ती तार पाहिली. मी ती ओळखली.

हे तिथं उन्हात बोटं ताणून उभे होते. त्यांच्या पाठीमागे दवाखान्याचं दार सताड उघडं होतं. आत बाक दिसत होतं. बाकाखाली यांची वळकटी होती, आदल्या संध्याकाळी मीच दोरी आवळून दिलेली.

"सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची," हे सांगत होते. "आत्ता घरी न्या, पाणी पाजा, सावलीत उभी करा. ऊन उतरलं की घेऊन या."

बायजाक्का मैनीला घेऊन गेली. जाताना म्हशीच्या पाठीवर हात फिरवत काहीतरी पुटपुटत होती. माफी मागत असावी.

मिरच्या जळल्या. त्या वर्षी आमची चटणी काळी झाली. पाहुण्यांना मी ती कऱ्हाडकडची पद्धत आहे म्हणून वाढली.

दुपारी हे जेवायला आले. दगडावर हात धुतले, शर्ट बदलला, पाटावर बसले. मी भाकरी वाढली, आमटी वाढली आणि समोर बसून म्हटलं,

"मैनीला आजार नव्हता ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग भिंतीकडे. भिंतीवर दत्त नव्हता, खिडकी होती.

"ऐकलंस तू?"

"खाट झाला होता."

"आत्यांना कळलं तर..."

"आत्या वाडीला आहेत. सांगा."

"नव्हता आजार. माजावर आहे."

"ती तार कशासाठी असते?"

"आत्ता? जेवताना?"

"हो."

ते हाडाचे शिकवणारे. कुणी विचारलं की त्यांना राहवत नसे. नियम थोडा वेळ अंगात राहिला, मग गळून पडला.

"एरवी गर्भाशयाचं तोंड बंद असतं," ते म्हणाले. "दाट, चिकट बूच बसवल्यासारखं. आत भलतंसलतं काही शिरू नये म्हणून. अंडं सुटायची वेळ जवळ आली की तेच बूच पातळ होतं, निसरडं होतं, वाहायला लागतं. बीजाला वर चढायची वाट म्हणजे ती. वाटही तीच, वाटेतली शिदोरीही तीच. त्यात बीज तग धरून राहतं."

"आणि ती नसताना बीज आलं तर?"

"मरतं. दारातच. आटलेल्या ओढ्यातल्या माशासारखं." त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "म्हणून तर म्हटलं तिला, दार उघडलं की रेड्याला हाकलता आणि दार लागलं की आणून उभा करता. मग गाभण राहील कशी? वर दोष म्हशीला."

"बाईमाणसाचं असंच असतं का?"

"बाईमाणसाचं..." असं म्हणून ते थांबले.

तुकडा आमटीत होता. तो बराच वेळ आमटीतच राहिला आणि मग विरघळला.

"माणसाचं वेगळं असेल," ते म्हणाले. "आमच्या पुस्तकात गाईम्हशींचं होतं."

"तुमच्या पुस्तकात बाई नव्हती," मी म्हटलं, "आणि आमच्या घरात म्हैस नव्हती."

त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"तुझी ती," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून आला, "तब्येत. कशी असते?"

"सकाळी तुम्ही उन्हात धरली होती तशी."

"गढूळ नाही?"

"नाही."

"वास? खाज?"

"काही नाही."

"ताणली तर?"

"तुटत नाही."

"कधी येते? पाळीच्या आधी?"

"दोन पाळ्यांच्या मध्ये."

ते मला बायजाक्काला विचारावं तसंच विचारत होते. दुसरी भाषा त्यांच्याजवळ नव्हती. मला ती चालली. लग्नानंतर इतक्या जवळून त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"आणि त्या दिवसांत मी," ते म्हणाले.

"बाकावर."

"आणि आत येतो तेव्हा..."

"कोरडं झाल्यावर."

चुलीवर दुधावर साय धरत होती. मला वाटलं, आता हे आत्यांवर चिडतील, नाहीतर माझ्यावर, वळकटी बांधणारी मीच ना. ते कुणावरच चिडले नाहीत. भलतंच काहीतरी बोलले.

"माझे आहेत गं."

"काय आहेत?"

"जिवंत. चांगले पळणारे. बघितलेत मी."

"कुठे बघितलेत?"

"दवाखान्यात. सूक्ष्मदर्शकाखाली. रेड्याचे बघतो त्या काचेवर." ते ताटाकडे बघून बोलत होते. "लग्नानंतर चार-पाच वर्षांनी एकदा बघितले. कृष्णातला टपालाला धाडलं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? माझ्यात दोष नाही म्हटलं की मागे उरतं कोण? आत्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी मला दुसरी मुलगी बघितली असती. म्हणून काच धुऊन ठेवली आणि गप्प बसलो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, की दोष माझाच आहे असं यांना वाटतं. तसंच त्यांना वाटत होतं. फक्त ते कुणाला कळू नये एवढी काळजी त्यांनी घेतली होती. यावर रागवायचं की काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते उठले. हात धुवायला बाहेर गेले आणि परत आत आले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं, तर दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. समोर रिकामा खोडा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे.

आम्ही कोल्हापूरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, सगळं विचारून घेतलं. धुवणाचं ऐकून म्हणाल्या, त्यानं काही झालं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मग वळकटीचं ऐकलं. चष्मा काढून पुसला.

"तेवढ्यानंच मूल झालं नाही असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तेवढ्यानं नाही, असंही म्हणता येणार नाही. पण दिवस अगदी नेमके निवडलेत तुम्ही. मूल नको असलेल्या लोकांना मी हे समजावून सांगते, त्यांनाही इतकं बिनचूक साधत नाही."

माझ्याकडे पाहून त्यांनी वय पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

तेव्हापासून वळकटी घराबाहेर गेली नाही. आत्यांना आम्ही सांगितलं की दवाखान्यात ढेकूण झालेत. पण माझ्या पाळ्या एव्हाना मागेपुढे व्हायला लागल्या होत्या. ती तार कधी दिसे, कधी महिना-महिना दिसत नसे. मी तिची वाट पाहायला लागले. पहाटे उठून आधी तीच बघायची. ज्या पाहुण्याला तब्येत म्हणून, गळती म्हणून इतकी वर्षं दारातून हुसकलं, त्याच्यासाठी आता दार उघडून बसले होते. दोन-तीन वर्षांत तो यायचा कायमचा थांबला.

आत्यांना आम्ही शेवटपर्यंत काही बोललो नाही. त्या वाडीहून परत आल्या, पेढे दिले, दत्त पुन्हा भिंतीवर चढला, धुवण पुन्हा सुरू झालं. मी वाटी घ्यायची, मागच्या दारी जायची आणि कढीलिंबाच्या बुंध्यात ओतायची. त्या झाडाला इतकी पिलं फुटली, की गाव आमच्याकडून रोपं न्यायचं. जायच्या आधी काही दिवस आत्यांनी मला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "धुवण तू नेमानं घेतलं नाहीस कुमुद. मला कळायचं गं. घेतलं असतंस तर आज घरात नातवंड असतं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या माझ्यासाठी पहाटे उठत होत्या.

मैनी त्याच खेपेला गाभण राहिली. पुढच्या माघात तिला रेडी झाली, आणि बायजाक्का पितळी डब्यातून खरवस घेऊन आली. "डाक्टरनी डोळं उघडलं आमचं," म्हणाली. मी खरवस खाल्ला. साखर थोडी कमी होती.

पण हे सगळं नंतरचं. मला विसरता येत नाही ती त्या दिवशीची संध्याकाळ.

ऊन उतरलं होतं. मी घर झाडलं, खिडकी उघडीच ठेवली. चूल पेटवायची होती, पेटवली नाही. हे पायरीवरून उठल्याचं दिसलं. दवाखान्यात गेले आणि बाहेर आले तेव्हा काखेत वळकटी होती.

अंगण पार करायला माणसाला किती वेळ लागतो? त्यांना त्या दिवशी फार लागला. मधेच खोड्यापाशी थांबले, वळकटी या काखेतून त्या काखेत घेतली. पुन्हा चालायला लागले. मी दारात उभी होते. ओट्यापाशी येऊन ते पुन्हा थांबले. आजवर वळकटी बाहेर ठेवायची आणि आत आणायची ती मी. ती आत घेऊन जायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी दारातून बाजूला झाले.

ते आत आले. माजघरात, जिथं दोन अंथरुणं पडायची तिथं, त्यांनी ती खाली ठेवली आणि दोरी सोडायला बसले. गाठ माझी होती. आत्यांनी शिकवलेली, पक्की. सुटेना. मी समोर बसले आणि दोघं मिळून ती सोडवू लागलो. त्यांची नखं डॉक्टरकीनं बारीक कापलेली, काही उपयोग नाही. शेवटी मी दातानं ओढली तेव्हा सुटली.

अंथरूण आपोआप उलगडलं. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसून होतो. बाहेर अजून उजेड होता. यांच्या भुवईला सकाळचं शेण थोडं वाळून राहिलं होतं. मी ते नखानं काढलं. त्यांनी काढू दिलं.

"कुमुद," ते म्हणाले.

ते मला नावानं हाक मारत नसत. 'अगं' म्हणायचे, नाहीतर नुसतं खाकरायचे. आत्यांसमोर नाव घेणं बरं दिसत नसे आणि आत्या नेहमीच समोर असायच्या. नाव ऐकल्यावर मला कळलं, की आता ते सांगायचं ते सांगणार. इतकी वर्षं पावसाबद्दल बोलून झाल्यावर माणूस पहिल्यांदा काय बोलतो ते ऐकायला मी सरसावून बसले.

त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात बाहेर खुरांचा आवाज आला आणि अंगणातून बायजाक्काची हाक.

"डाक्टर, आलो बरं का. हिला पानी पाजून आनलीया, दावंबी सोडलंय."

ते उठले. धोतराचा सोगा झटकला. दारापर्यंत गेले आणि तिथून मागे वळून त्या उलगडलेल्या अंथरुणाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते, शेणानं की कशानं ते सांगता येत नाही.

"कुमुद," ते पुन्हा म्हणाले. "आज कृष्णात नाहीये. जरा येऊन शेपूट धरतेस का?"